किलोमीटर कमी करायचे नाहीत

सोयगावहून परत येताना सिल्लोडच्या पुढं माझ्या गाडीचे सगळे काटे एकदम खाली पडले. वेगाचा, पेट्रोलचा, इंजिन किती तापलंय ते सांगणारा, सगळे. किलोमीटरचे आकडे दाखवणारी बारीक खिडकीही काळी झाली. गाडी मात्र ठणठणीत चालू होती. मी बाजूला घेतली, बंद करून पुन्हा चालू केली. काही नाही. मग वैतागून डॅशबोर्डवर तळहाताची एक थाप दिली, तसे काटे दचकून उठले आणि आकडे परत आले. फुलंब्रीपर्यंत टिकले, पुन्हा गेले. पुढं घरापर्यंत मी थापा देतच आले.

आठवडाभर थापांवर भागलं. मग थापेलाही ते दाद देईनात. वेग किती कळेना, पेट्रोल किती कळेना. मी रोज सकाळी टाकी भरून निघायला लागले. माझ्या कामात गाडीशिवाय दिवस जात नाही. मी एका बियाणं कंपनीत फिल्ड ऑफिसर आहे. कपाशी, मका, कांदा यांचे प्रयोगाचे प्लॉट शेतकऱ्यांच्या रानात असतात, ते बघत फिरणं हेच माझं काम.

माझा नवरा शाळेत भूगोल शिकवतो. भांडण नको, कटकट नको, असा त्याचा स्वभाव. तो म्हणाला, "आता पुरे झालं गं. एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू. नवीन घे." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सुट्टीच्या दिवशी गाडी बीड बायपासच्या एका गॅरेजला नेली.

गॅरेजच्या मालकानं चावी फिरवली, काळी खिडकी बघितली आणि म्हणाला, "मीटर गेला मॅडम. बदलावा लागंल."

"दुरुस्त होत नाही?"

"याच्यात दुरुस्ती नसती. माझ्याकडं एक पडलाय, ठोकलेल्या गाडीतला. एकदम कडक. आन् त्याच्यावर किलोमीटर लई कमी हायेत. तुमची गाडी एका दिवसात तरुण व्हती का नाय बघा."

त्यानं हे अगदी प्रेमानं सांगितलं. दिवाळीला मिठाईचा पुडा द्यावा तसं.

"मला माझेच किलोमीटर पाहिजेत," मी म्हणाले.

"त्याचं काय करता मॅडम? उलट गिऱ्हाईक बिचकतं."

आमचं बोलणं चालू असताना त्याच्या मेकॅनिकनं दार उघडून चपटा स्क्रू ड्रायव्हर मीटरभोवतीच्या काळ्या चौकटीच्या फटीत घातला आणि उचकटायला सुरुवात केली. कट्ट असा आवाज झाला. मी आत वाकून बघितलं तर प्लॅस्टिकवर बोटभर लांब पांढरा ओरखडा उठला होता.

"थांबा," मी म्हणाले. "कुठं अडकलंय ते बघितलं का तुम्ही?"

"हे असंच निघतं."

"असं निघत नाही, असं तुटतं. बाजूला व्हा."

मालक आला. आवाज न चढवता म्हणाला, "थोडंफार तुटतंच मॅडम. आत प्लॅस्टिकच्या क्लिपा असत्यात. त्याची गॅरंटी कुणी द्यायचं नाय. या शहरात कुठंबी जावा."

"मग मी काढते."

हे मी ठरवून बोलले नव्हते, तोंडातून गेलं. तो हसला आणि म्हणाला, "काढा की." त्याच्या हसण्यात कुचकेपणा नव्हता. त्याला ती गंमतच वाटली होती, आणि मला तेच झोंबलं.

या किलोमीटरचं मला एवढं काय, हे त्याला समजायचं कारण नव्हतं. मी कंपनीत लागले तेव्हा आमच्या तुकडीत मी एकटीच बाई होते. शेतीची पदवी सगळ्यांची सारखी, पण पोरांना तालुके वाटून दिले आणि मला ऑफिसात खुर्ची दिली. साहेब म्हणाले, "बाईमाणसाला रानावनात कसं पाठवायचं? उद्या काही झालं तर जबाबदार कोण?" पिशव्यांवर लेबलं नीट लागलीत का, हे बघण्यात माझं एक वर्ष गेलं. दुसऱ्या वर्षी मी गाडी चालवायला शिकले, एका डॉक्टरीणबाईंची थोडीच वापरलेली हीच छोटी गाडी घेतली आणि एका सोमवारी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन म्हणाले, "गाडी माझी, चालवणार मी, जबाबदार मीच. आता तालुका द्या." त्यांनी वैजापूर दिलं. महिन्याभरात ही परत येईल, असं ते दुसऱ्या कुणाशी बोलल्याचं मला नंतर कळलं.

वैजापूरच्या पहिल्या शेतकरी मेळाव्याला मी गाडीतून उतरले, तर एक म्हातारे गृहस्थ गाडीच्या आत डोकावून बघायला लागले.

"साहेब कुठंयत?" त्यांनी विचारलं.

"मीच आहे."

"नाय, मंजी कपाशीचं सांगणारे?"

"मीच सांगणार आहे. चला, बसा."

ते बसले. शेवटपर्यंत बसले. पुढं त्यांच्याच रानात मी चार हंगाम प्लॉट घेतला. मी महिन्याभरात परत आले नाही. वैजापूरनंतर सोयगाव घेतलं, मग जालना रोडची गावं घेतली. पंक्चर मी काढायला शिकले, चिखलात रुतलेली गाडी चाकाखाली कपाशीच्या पऱ्हाट्या टाकून बाहेर काढायला शिकले. दोन लाखांच्या पुढं गेलेला तो आकडा म्हणजे माझी नोकरी होती. तो काढून त्या जागी कुणाच्या तरी ठोकलेल्या गाडीचा आकडा बसवायचा, आणि वर तो फायदा समजायचा? मला ते जमणार नव्हतं.

घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, "रविवारी मीटर मी काढणार आहे."

त्यानं पेपर खाली ठेवला. "आणि परत बसलाच नाही तर?"

"तर नाही बसला. तुटका डॅशबोर्ड त्यांच्या हातचा बघण्यापेक्षा माझ्या हातचा बघेन."

त्या आठवड्यात रोज जेवण झाल्यावर मी फोनवर व्हिडिओ बघितले. माझ्या मॉडेलचा एकच नीट व्हिडिओ सापडला आणि तो केरळातल्या कुणा माणसाचा होता. तो काय बोलतोय, यातलं अक्षर कळत नव्हतं. मी फक्त त्याचे हात बघितले. तो घाई करत नव्हता. चौकटीच्या कडेनं बोटं फिरवायचा, थांबायचा, मग एका जागी अलगद दाबायचा. हे हात मी आधीही बघितले होते. आमच्या संकरित कपाशीच्या प्लॉटवर बाया कळी सोलतात, आतलं पुंकेसर नखानं काढून टाकतात आणि मधली नाजूक दांडी तशीच ठेवतात. दांडी दुखावली की बोंड धरत नाही. एका बाईनं मला ते करायला शिकवलं होतं आणि पहिल्या दिवशी मी पन्नासेक कळ्या वाया घालवल्या होत्या. जोर कुठं लावायचा नाही, हे तिथं शिकले.

रविवार संक्रांतीनंतरचा होता. सकाळी गारठा होता, म्हणून मी थांबले. गार प्लॅस्टिक काटकन मोडतं. अकरा वाजेपर्यंत गाडी दारासमोर उन्हात ठेवली, डॅशबोर्ड हाताला कोमट लागायला लागला तेव्हा सुरुवात केली. स्क्रू ठेवायला मी मसाल्याचा डबा रिकामा करून धुतला होता. ज्या क्रमानं स्क्रू निघतील त्या क्रमानं वाटी भरायची, म्हणजे बसवताना उलट जायचं. चपटा स्क्रू ड्रायव्हर मी मुद्दाम घरातच ठेवला. त्याच्याऐवजी रंगारी भिंतीच्या भेगांत लांबी भरतात ती प्लॅस्टिकची पट्टी घेतली होती.

आधी बॉनेट उघडून बॅटरीची ऋण वायर सोडवली आणि ती चिंधीत गुंडाळून बाजूला ठेवली. स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते, वीज गेल्यावरही थोडा वेळ दम धरावा लागतो. तेवढ्यात चहा झाला. मग स्टिअरिंग जेवढं खाली जातं तेवढं खाली केलं आणि त्याच्या मानेवर जाड टॉवेल टाकला, म्हणजे मीटर त्यावर टेकला तरी ओरखडा नको. चौकटीच्या भोवतीनं कागदी टेप लावला.

आमची कॉलनी सिडकोतली, घराला घर लागून. बाईनं गाडी खोललीय म्हटल्यावर गॅलऱ्यांत माणसं दिसायला लागली. समोरचे निवृत्त गृहस्थ चप्पल घालून आलेच.

"काय करायलात वहिनी?"

"मीटर काढतेय."

"मॅकॅनिक नाही आला का?"

"मीच आहे मॅकॅनिक."

ते नवऱ्याकडं वळले. नवरा हातात टॉर्च धरून उभा होता. "सर, तुम्ही बघून राहिलात व्हय?" नवऱ्यानं खांदे उडवले आणि टॉर्च तसाच धरून ठेवला.

चौकटीच्या वरच्या कडेला आतून दोन स्क्रू होते. ते व्हिडिओत बघितले होते, सापडले, पहिल्या वाटीत गेले. मग पट्टी डावीकडच्या फटीत सरकवली. क्लिप कुठंय ते पट्टीच्या टोकाला लागतं, तिथं ती किंचित वळवायची. टक्. पहिली क्लिप सुटली. वरच्या दोन सुटल्या. डावीकडचा सगळा भाग मोकळा होऊन पुढं आला आणि उजवा खालचा कोपरा मात्र अडला. पट्टी फिरवली, बोटानं चाचपलं. कोपरा ढिम्म हलेना.

"जोर लावा," समोरचे गृहस्थ म्हणाले. "अडकलंय थोडंसं."

"अगं, जरा ओढून बघ ना," नवराही म्हणाला.

मी हात काढून घेतला. जोर लावला असता तर चौकट निघाली असती हे खरं होतं, आणि कोपरा आत राहिला असता हेही खरं होतं.

"द्या इकडं, मी काढतो," म्हणत गृहस्थांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि त्यातली एक चावी पुढं केली.

"काका, गाडीला हात लावायचा नाही," मी म्हणाले.

माझा आवाज वर गॅलरीपर्यंत गेला असावा, कारण तिकडची कुजबुज थांबली. काका दोन पावलं मागं सरकले. जरा वाईट वाटलं, पण मी शब्द मागं घेतला नाही.

मी फोनचा कॅमेरा फटीत घातला, टॉर्चचा उजेड तिरपा धरायला लावला आणि न बघताच फोटो काढत गेले. चार-पाच नुसते काळे आले. एकात चमकणारं काहीतरी दिसलं. हेडलाइट वर-खाली करायचं बटण होतं, त्याच्या मागं एक स्क्रू दडला होता. केरळातल्या माणसाच्या गाडीत ते बटणच नव्हतं. मी पट्टीनं बटणाचा तुकडा अलगद बाहेर काढला, त्याची वायर सोडवली, आत स्क्रू ड्रायव्हर घातला आणि स्क्रू काढला. त्याबरोबर सगळी चौकट नुसत्या बोटांनी माझ्या हातात आली. एकही क्लिप मोडली नव्हती. मी ती काकांना दाखवली. ते म्हणाले, "बरं झालं." आणि घरी गेले.

पुढचं सोपं वाटत होतं, पण तिथंच घात होतो. मीटरचे तीन स्क्रू काढताना लोहचुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरला, कारण तिथून खाली पडलेला स्क्रू डॅशबोर्डच्या पोटात जातो आणि मग जन्मभर वळणावर खुळखुळतो. मीटर सुटल्यावर खेचायचा नाही. मागच्या वायरी आखूड असतात. मी त्याची वरची कड माझ्याकडं झुकवली, मागून हात घातला. जाड प्लग लागला. त्याच्यावर एक खटका असतो, तो आडवा केल्याशिवाय प्लग सुटत नाही, आणि वायरी धरून ओढल्या तर वायरीच हातात येतात. माझी बोटं आत मावेनात. बांगड्या काढून नवऱ्याच्या खिशात टाकल्या. पुन्हा हात घातला, अंगठ्यानं खटका रेटला, प्लगचा देह धरून मागं घेतला.

मीटर माझ्या मांडीवर आला. एवढासा होता. इतकी वर्षं रोज ज्याच्याकडं बघत आले, तो पाठीमागून नुसता हिरवा-पांढरा डबा. काचेला बोट न लावता मी तो धुतलेल्या पंच्यात गुंडाळला.

"आता?" नवऱ्यानं विचारलं. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच हे प्रकरण टाळायचा सूर नव्हता.

"आता शहागंज. तुम्ही स्कूटर चालवा. मी हे सोडणार नाही."

शहागंजला एका बोळात पूर्वी टीव्ही दुरुस्त करणारे एक चाचा आहेत. आमचा जुना टीव्ही त्यांनी कितीदा तरी उठवला होता. आता ते इन्व्हर्टर, वॉशिंग मशीनचे बोर्ड, असलं काय काय बघतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण काढलं आणि प्लग बसतो त्या जागी सुईनं टोचून बघितलं.

"थाप मारली की काटे उठते थे ना, ताई?"

"हो. पहिल्या आठवड्यात."

"टाके फुटे हैं. ये देखो." भिंगातून मलाही दिसलं. प्लगच्या प्रत्येक पिनेभोवती शिशाच्या टाक्याला केसाएवढी गोल भेग. "रस्ते अपने ऐसे. हल हल के होता ये. मीटर में कुछ खराबी नै."

"चाचा, किलोमीटरचा आकडा जायला नको."

"वो अलग चिप में रहता. उसको मैं हातच नै लगाता. जितने चले उतनेच रहेंगे."

त्यांनी जुनं शिसं ओढून घेतलं आणि नवे टाके घातले. धुराचा तो वास लहानपणच्या रेडिओच्या दुकानासारखा होता. मी स्टुलावर बसून बघत होते. सकाळपासून आवळलेले माझे खांदे तिथं जरा सैल झाले.

बसवताना मी मसाल्याच्या डब्याच्या उलट क्रमानं गेले. प्लग, खटका, तीन स्क्रू, दडलेला स्क्रू, बटण, क्लिपा. क्लिपा बसताना टक् टक् आवाज करत गेल्या. शेवटची वाटी रिकामी झाली तेव्हा ऊन घरांच्या मागं गेलं होतं. बॅटरीची वायर जोडली. मी आत बसले, नवरा बाहेर दाराला टेकून उभा. चावी फिरवली.

दिवे लागले. पेट्रोलचा काटा हळूहळू उठला आणि भरलेल्या टाकीच्या खुणेवर जाऊन थांबला. बारीक खिडकीत आकडे आले. मी ते डावीकडून उजवीकडं वाचले. माझेच होते.

"चल, एक चक्कर मारू," नवरा म्हणाला आणि शेजारी येऊन बसला. आम्ही हर्सूलपर्यंत जाऊन आलो. तो सगळा वेळ वेगाच्या काट्याकडंच बघत होता.

गोष्ट इथं संपली असती, पण नवऱ्यानं आधीच जुन्या गाड्या घेणाऱ्या एका दलालाला फोन करून ठेवला होता. ते तो विसरून गेला होता. आठवड्याच्या मधल्या वारी संध्याकाळी तो माणूस दारात हजर. नीटनेटका, गोड बोलणारा. दारं उघडून-मिटून बघितली, टायर बघितले, इंजिन ऐकलं. सीटवर बसून चावी फिरवली आणि तो चुकचुकला.

"गाडी एक नंबर ठेवलीय मॅडम. फक्त हे आकडे. असं करा, आधी ते मागं करून आणा, मग आपण बोलू. आमच्या ओळखीचा माणूस आहे. काही खोलायची पण गरज नाही, कॉम्प्युटर लावतो, झालं."

"जो घेणार त्याला सांगणार का तुम्ही, गाडी किती चाललीय ते?"

तो हसला. "सगळेच करतात मॅडम."

"मी करत नाही. उतरा."

"अहो, रागवायचं काय त्यात? तुमच्याच फायद्याचं बोलतोय."

"माझा फायदा मला कळतो. माझ्याकडं आल्यापासून या गाडीचा एकेक किलोमीटर मी चालवलाय. तुमच्यासाठी तो खोटा करायला मी बसले नाही. उतरा खाली."

तो उतरला, पण माझ्याशी बोलायचं सोडून त्यानं नवऱ्याकडं बघितलं. अशा वेळी माणसं नेहमी तिकडंच बघतात. "सर, तुम्ही जरा समजवा मॅडमना."

माझा नवरा कुणाला तोडून बोललेला मी बघितलेला नाही. त्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि परत घातला.

"आम्हाला गाडी विकायची नाही," तो म्हणाला. "फोन मी केला होता, चुकून. या तुम्ही."

माणूस गेला. आम्ही दोघं फाटकात उभे राहिलो. फाटकाची कडी लावत तो म्हणाला, "मला वाटत होतं, तू नुसता हट्ट करतेयस."

"हट्टच आहे."

"असू दे मग," म्हणत तो आत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून नव्या साहेबांचा फोन आला. गाडी बिघडल्याचं त्यांच्या कानावर गेलं होतं. "मॅडम, करमाडचा कांद्याचा प्लॉट दुसऱ्या कुणाला देऊ का? तुम्ही आता सिनियर आहात, ऑफिसचं बघा. आराम पडेल."

"गाडी ठीक आहे साहेब," मी म्हणाले. "करमाडला मीच जाते."

साडेनऊला मी जालना रोडला लागले. करमाडच्या रानात कांद्याचे गोंडे फुलले होते, पांढरे, मुठीएवढे, आणि त्यांच्यावर मधमाश्यांची नुसती गर्दी होती. शेतकरीणबाई बांधावर वाट बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "उशीर केलात, आमाला वाटलं येत नाय आज." मी चप्पल काढून पाटाच्या कडेनं प्लॉटमध्ये शिरले.